पडद्यावरच्या मुंग्या

हातच्या काकणाला आरसा कशाला, असे आपण सहज म्हणून जातो. जे डोळ्यांसमोर आहे त्याला आणखी पुरावा नको, एवढाच त्या म्हणीचा अर्थ. आणि रोजच्या व्यवहारात ती खरीही ठरते. परंतु गेल्या शंभर वर्षांत माणसाने असे एक यंत्र घरात आणून ठेवले की त्याच्यापुढे ही म्हण लंगडी पडली. ते यंत्र म्हणजे दूरचित्रवाणीचा संच, सर्वांच्या तोंडचा टीव्ही. पडद्यावरचे चित्र मुळातच तसे आहे, की वाटेत बिघडले, की संचाने बिघडवले, की ज्या खोलीत संच ठेवला त्या खोलीनेच त्याचा बेरंग केला, हे नुसत्या डोळ्याला सांगता येत नाही. त्याला कसोटीचा दगड लागतो. तो दगड कोणी, कोठे आणि कसा घडवला, त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. आणि आजच्या दिवाळीत ती उपयोगाचीही आहे.

उपयोगाची कशी, ते नायगावचे उदाहरण घेऊन पाहू. नांदेडहून देगलूरच्या रस्त्याने पन्नासएक किलोमीटर गेले की हे बाजारपेठेचे गाव लागते. भोवताली सोयाबीन, कापूस, तूर. सोयाबीनचा पैसा हाती येतो तो नेमका दिवाळीच्या तोंडावर, आणि मग घरात एखादी मोठी वस्तू आणण्याचा विचार निघतो. आज उंची टीव्हीची किंमत लाखाच्या घरात जाते, कधी त्याच्याही पुढे. एवढी रक्कम म्हणजे वर्षाच्या घामाचा मोठा वाटा. तो संच घरी आला, भिंतीवर चढला, आणि चित्र मनासारखे दिसेना, मुलांचा खेळ अडखळू लागला, आजीला संवाद कळेनात, तर त्या घराने काय करावे? कारागीर यावयाचा तो लांबून. तक्रारीची मुदत ठरलेली. अशा वेळी ‘चित्र बरे येत नाही’ एवढ्या वाक्यावर भागत नाही. काय बरे नाही आणि दोष कोणाच्या पदरी घालावयाचा, हे सांगता आले पाहिजे. नाही तर चोर सोडून संन्याशाला सुळी, असा न्याय होतो. टीव्हीच्या शंभर वर्षांच्या इतिहासात असा न्याय कितीदा झाला असेल, त्याची गणती नाही.

या इतिहासातला पहिला साक्षीदार म्हणजे एक लाकडी मुंडके. स्कॉटलंडचा संशोधक जॉन लोगी बेअर्ड लंडनमध्ये आपले यंत्र जुळवीत होता, तेव्हा त्याच्या दिव्यांचा प्रकाश इतका प्रखर असे की जिवंत माणसाला त्यापुढे फार वेळ बसवणे कठीण. म्हणून त्याने बोलक्या बाहुल्यांच्या खेळातले एक रंगवलेले मुंडके आणले. त्याचे नाव ‘स्टूकी बिल’. १९२५च्या ऑक्टोबरात त्या मुंडक्याचे नाक-डोळे ओळखू येतील असे चित्र पडद्यावर उमटले, आणि २६ जानेवारी १९२६ रोजी बेअर्डने लंडनच्या फ्रिथ स्ट्रीटवरील माडीवर विद्वानांना आपला प्रयोग दाखवला. चित्र अवघ्या ३० ओळींचे होते. पुढे अमेरिकेत १९२८ साली याच कामासाठी फेलिक्स नावाच्या मांजराची मूर्ती फिरत्या चकतीवर ठेवण्यात आली. मूर्ती हलत नाही, थकत नाही, आणि मुख्य म्हणजे ती कशी दिसते हे आधीपासून पक्के ठाऊक असते. पडद्यावर मांजराचा कान वाकडा दिसला तर मांजर वाकडे नाही, यंत्र वाकडे आहे, हे निःशंकपणे म्हणता येते. सगळ्या परीक्षेचे मर्म एवढ्यात आले: जे चित्र आधी माहीत आहे, त्यानेच संच तपासावा.

आपल्या देशात टीव्ही आला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, तोही फक्त दिल्लीत. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि पुढच्याच वर्षी पुण्याला ते चित्र दिसू लागले. पण मुंबई नायगावपासून सरळ रेषेतही जवळजवळ पाचशे किलोमीटर. टीव्हीच्या लहरी सरळ चालणाऱ्या. क्षितिजाच्या पलीकडे त्या फारशा वाकत नाहीत. तेव्हा मराठवाड्याच्या दृष्टीने मुंबईचा टीव्ही ही वर्तमानपत्रात वाचण्याची गोष्ट होती.

मात्र एक गोष्ट फार जवळून गेली. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असे एक वर्ष, अमेरिकेचा एक उपग्रह उसना घेऊन भारताने सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट आकाशातून टीव्ही दाखवला. त्या यादीत कर्नाटकातला गुलबर्गा होता, आंध्रातला मेदक होता, महाराष्ट्र नव्हता. त्या वेळचा उस्मानाबाद जिल्हा, ज्यातून १९८२ साली लातूर वेगळा झाला, तो गुलबर्ग्याला लागूनच. १९५६पर्यंत हे सारे मुलूख एका हैदराबाद राज्यात नांदत होते. राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या आणि सीमेपलीकडच्या खेड्यात टीव्ही आला, अलीकडे नाही.

त्या प्रयोगात चित्राची परीक्षा प्रयोगशाळेतून निघून आपल्या धुळीत आली. दहा फूट व्यासाची छत्री, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या तारेच्या जाळीची, आणि तिच्याखाली सार्वजनिक जागी ठेवलेला संच. ऊन, धूळ, चढउतार होणारी वीज आणि कोठे वीजच नाही म्हणून बॅटरी, अशा परिस्थितीत संच चालते ठेवायचे होते. त्यासाठी ठिकठिकाणी देखभालीची केंद्रे उभारली गेली. बिघाड संचात आहे, छत्रीत आहे की विजेत, हे ओळखून माणूस पाठवावयाचा. बिघाडाचे घर आधी शोधावे आणि हत्यार मग उचलावे, ही शिस्त आपल्या खेड्यांना अशी ठाऊक झाली.

पुढे १९८२ साल उजाडले. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला रंग आले, नोव्हेंबरात दिल्लीत आशियाई खेळ झाले. ३० ऑगस्ट १९८३ रोजी ‘इन्सॅट-१ब’ हा उपग्रह अवकाशात गेला आणि त्यानंतर जागोजागी कमी शक्तीचे प्रक्षेपक झपाट्याने उभे राहू लागले. असल्या शंभर वॅटच्या प्रक्षेपकाचा पल्ला वीस-पंचवीस किलोमीटरचा. जिल्ह्याच्या गावी चित्र स्वच्छ. पन्नास किलोमीटरवरच्या बाजारगावी मात्र ते कसेबसे पोचणारे, किंवा न पोचणारे. २५ जानेवारी १९८७पासून रविवारी सकाळी ‘रामायण’ सुरू झाले तेव्हा हा पल्ल्याचा प्रश्न घराघराचा झाला. मग धाब्यावर उंच बांबू चढले आणि बांबूच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटेना. हा अँटेना जपानच्या उदा आणि यागी या दोघा विद्वानांनी १९२६च्या सुमारास शोधलेला. एक काडी लहरी पकडणारी, तिच्या मागची काडी त्या परतवणारी, पुढच्या काड्या वाट दाखवणाऱ्या. ज्या दिशेला तोंड त्या दिशेचेच तो ऐकतो, म्हणून तो फिरवावा लागे.

तो फिरवण्याचा सोहळा ज्यांनी पाहिला त्यांना वेगळे सांगावयास नको. थोरला पोरगा धाब्यावर, मधला खिडकीत, वडील संचापुढे. ‘आलं का?’ ‘आलं, आलं… गेलं बघ! माघारी फिरव!’ ही आरोळी खेड्यापाड्यांतून घुमली. हसण्यासारखी गोष्ट खरी, पण तीत शास्त्र होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावयाची, बदलल्यावर परिणाम पाहावयाचा, बिघडले तर पूर्वस्थितीला यावयाचे आणि मगच दुसरीला हात घालावयाचा. आज लाखाचा संच तपासणारा तज्ज्ञ याहून निराळे काही करीत नाही.

त्या दिवसांत पडद्याच्या दुखण्यांना लोकांनी जी नावे दिली तीही पाहण्यासारखी आहेत. चित्र अशक्त असले की पडद्यावर पांढरे-काळे ठिपके वळवळत. त्याला म्हणत ‘मुंग्या आल्या’. युरोपात त्यालाच बर्फ म्हणत. आमच्याकडे बर्फ कोठला, म्हणून मुंग्या. या मुंग्या म्हणजे लहर क्षीण झाल्यावर संचाच्या स्वतःच्या मंडलात सदैव चाललेली विजेची कुजबूज. तिच्यात अगदी लहानसा वाटा विश्वाच्या जन्मापासून उरलेल्या उष्णतेचाही असतो. ती उष्णता १९६४-६५ साली पेन्झियास आणि विल्सन यांना सापडली, आणि त्याबद्दल त्यांना १९७८चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांनाही आधी आपल्या अँटेनाचाच दोष वाटला होता, म्हणून त्यांनी त्यातली कबुतरांची घाण खरवडून काढली. दोष अँटेनात नव्हता, हे सिद्ध करता करता ते विश्वाच्या आरंभाशी जाऊन पोचले!

दुसरे दुखणे ‘सावली’. एकाच माणसाची दोन माणसे दिसत. लहर एकदा थेट येते आणि एकदा टाकीवर किंवा टेकडीवर आपटून येते. तीनशे मीटर जास्त चाललेली लहर सेकंदाच्या दहा लाखाव्या हिश्शाने उशिरा पोचते, आणि तेवढ्या वेळात चित्राची रेघ चाळीस सेंटिमीटर रुंदीच्या पडद्यावर पाऊण सेंटिमीटर पुढे सरकलेली असते. म्हणजे सावलीचे अंतर पट्टीने मोजले की वाटेतला अपराधी किती लांबचा, याचा अंदाज करता येई. तिसरे दुखणे ‘चित्र पळणे’. खालून वर ते धावत सुटे. चौथे ‘चित्र आखडणे’. व्होल्टेज पडले की चारी बाजूंनी काळी चौकट येई आणि रोहित्रावर भार आला आहे हे दिवा न पाहताही कळे. अशी ही चार नावे म्हणजे चार निदाने. मुंग्या असतील तर अँटेना पाहा, सावली असेल तर तोंड फिरवा, पळत असेल तर मागची कळ पिळा, आखडत असेल तर स्टॅबिलायझर आणा.

घरगुती निदान असे पक्के होत असताना शास्त्रज्ञांनी कसोटीचा दगडही घडवला होता. जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल, कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी पडद्यावर चौकटींच्या जाळीत एक मोठे वर्तुळ आणि त्यात रंगीत पट्टे दिसत, सोबतीला एकसुरी शिट्टी. पोरे त्याला कंटाळत. पण ते वर्तुळ रिकामे नव्हते. त्या घराण्यातले सर्वांत नावाजलेले चित्र फिलिप्सच्या कोपनहेगन येथील शाखेत फिन हेंडिल या अभियंत्याच्या हातून १९६६-६७ साली तयार झाले आणि जगभर पसरले. वर्तुळ अंड्यासारखे दिसले तर चित्र ताणले गेले. कडेच्या दातऱ्या तुटल्या तर चित्राची किनार पडद्याबाहेर गेली. जाळीच्या पांढऱ्या रेघांना तांबडी-निळी झालर आली तर तीन रंगांच्या किरणांची जुळणी सुटली. जवळजवळ येत गेलेल्या उभ्या रेघा जेथे मिसळून राखी झाल्या तेथे संचाची बारकावे दाखवण्याची ताकद संपली. काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या पायऱ्यांपैकी दोन पायऱ्या एक झाल्या तर उजेड किंवा गडदपणा चुकला. एका चित्रात संपूर्ण नाडीपरीक्षा!

ब्रिटनच्या बीबीसीने १९६७ साली दाखवलेले चित्र त्याहूनही लोकप्रिय झाले. जॉर्ज हर्सी या अभियंत्याने आपल्या आठ वर्षांच्या मुलीला, कॅरोलला, फळ्याशेजारी बसवले. जोडीला चिंध्यांचा विदूषक, आणि फळ्यावर मांडलेला फुल्लीगोळ्याचा डाव. त्या डावातली एक फुल्ली बरोबर पडद्याच्या मध्यबिंदूवर होती! मुलगी घेतली ती कशासाठी? माणसाच्या चेहऱ्याचा रंग जरा चुकला तर डोळ्याला लगेच खटकतो. गोरा चेहरा त्या लोकांच्या ओळखीचा, म्हणून तो त्यांनी घेतला. आपल्या ओळखीचे चेहरे सावळे-गव्हाळ, त्यांची परीक्षा त्या फळ्यावर होत नव्हती. पुढे १९७६ साली मॅकॅमी प्रभृतींनी चोवीस चौकोनांचा रंगफलक काढला, त्यात पहिलाच चौकोन सावळ्या कातडीचा ठेवला. गोरी कातडी दुसरी, आकाश तिसरे, झाडाचा पाला चौथा. मनात ज्यांचे रंग पक्के बसलेले असतात अशाच या वस्तू.

ऐंशीच्या दशकात मराठवाड्यालाही टीव्ही बनवण्याचा मान मिळाला. त्या काळी औरंगाबाद म्हणत त्या शहराजवळ, पैठणच्या वाटेवर चितेगावला, धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनचा कारखाना उभा राहिला आणि हे नाव देशभर घरोघरी गेले. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली, हा उत्तरार्ध दुःखाचा. त्या पिढीच्या कारागिरांचे एक साधन मात्र विसरण्यासारखे नाही. दुरुस्तीच्या टेबलावर संच ठेवला की त्याच्या तोंडासमोर ते आरसा उभा करीत. पेच पिळायचे संचाच्या पाठीमागे, चित्र मात्र पुढल्या अंगाला. मग आरशात पाहत पाहत मागून हात चालवायचा. काकणाला आरसा नको असेल, टीव्हीला मात्र तो खरोखरच लागत होता.

त्यानंतर काळ पालटला. छत्र्या आल्या, २००४च्या डिसेंबरात दूरदर्शनची फुकट छत्री आली, आणि २०२२पर्यंत जुन्या पद्धतीचे बहुतेक प्रक्षेपक कायमचे मिटले. अंकांच्या भाषेत येणाऱ्या चित्राला मुंग्या नसतात. ते येते तेव्हा पुरे येते. कमी पडले की चौकोन चौकोन होऊन थिजते, आणि आणखी कमी पडले की नाहीसे होते. मुंग्यांचा उपद्रव गेला, पण त्यांच्याबरोबर त्यांची साक्षही गेली. पूर्वी चित्र हळूहळू आजारी पडे आणि लक्षणे सांगे. आता ते धडधाकट असते किंवा एकाएकी बेशुद्ध. संचाच्या पाठीचे पेच जाऊन त्याच्या पोटात शेकडो कळांची यादी आली. शहाणा माणूसही येथे गोंधळतो.

म्हणून आजच्या उंची संचाची परीक्षा जुन्याच वाटेने करावी. पहिली गोष्ट चित्राची. दुकानात संच झगझगीत दिव्यांखाली शेजाऱ्याशी स्पर्धा करीत उभा असतो, म्हणून त्याला भडक वेष चढवलेला असतो: रंग गडद, पांढरा निळसर, कडा कोरलेल्या. घरी आल्यावर तो वेष उतरवावा. दुकानासाठीची मांडणी रद्द करून घराची निवडावी, आणि सिनेमासाठी असलेली मांडणी घेऊन पाहावी. चार दिवस चित्र पिवळट वाटेल. ते पिवळे नसते, डोळा निळ्याला सरावलेला असतो. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. संच मधली चित्रे स्वतःच्या कल्पनेने भरतो आणि मग भव्य चित्रपटही मालिकेसारखा गुळगुळीत दिसू लागतो. हा बिघाड समजून तक्रार करणारे पुष्कळ. तो केवळ एका कळीचा प्रश्न असतो. तिसरी गोष्ट काळोखाची. रात्री खोलीतला दिवा मालवून, काळ्याहून किंचित उजळ अशा पट्ट्यांचे परीक्षाचित्र लावावे. जी पट्टी जेमतेम दिसावयाची ती दिसलीच नाही तर सावलीतले बारकावे बुडाले. सगळाच काळोख राखी झाला तर उजेड जास्त झाला. ज्या पडद्यात प्रत्येक बिंदू आपापला उजेड देतो, त्याचे मूळ १९८७ साली कोडॅक कंपनीत टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी प्रसिद्ध केलेल्या शोधात आहे. त्यात काळा खरोखरच काळा मिळतो, पण एखाद्या वाहिनीचे तेच बोधचिन्ह वर्षानुवर्षे एकाच कोपऱ्यात राहिले तर त्याचा ठसा उमटू शकतो. साऱ्या पडद्यावर एकच फिकट राखी रंग लावून पाहिले की डाग, पट्टे, मेलेले बिंदू पहिल्याच आठवड्यात कळतात. तक्रारीची मुदत असतानाच ही परीक्षा करावी.

दुसरी परीक्षा खेळाची, आणि घरातली पोरे तिचे खरे परीक्षक. पडद्यावरच्या खेळाचा इतिहास जुना आहे. १९५८ साली अमेरिकेच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत हिगिनबॉथम या भौतिकशास्त्रज्ञाने पाहुण्यांच्या करमणुकीसाठी मोजमापाच्या लहानशा पडद्यावर टेनिस खेळवला. १९७२ साली, म्हणजे मुंबईत दूरदर्शन सुरू झाले त्याच वर्षी, ‘पाँग’ नावाच्या खेळाचे पहिले यंत्र कॅलिफोर्नियातल्या एका मद्यगृहात ठेवले गेले आणि थोड्याच दिवसांत बंद पडले. त्याचा कर्ता ॲल अल्कॉर्न दुरुस्तीला गेला, तर पडदा ठीक, तारा ठीक; नाण्यांचा डबा शिगोशीग भरून वाहत होता! बिघाड शोधताना हा प्रसंग डोळ्यांसमोर ठेवावा. आज मुलगा म्हणतो, ‘मी आधी दाबलं, तरी मेलो.’ तो खोटे बोलत असेलच असे नाही. जुन्या काचेच्या नळीचा संच लहर येताक्षणीच रेघ ओढी. नवा संच चित्र आधी पोटात घेतो, धुतो, सजवतो आणि मग दाखवतो. सेकंदाला ६० चित्रे असली तर एका चित्राला १६.७ सहस्रांश सेकंद, १२० असली तर ८.३. सजावटीत अशी चार-सहा चित्रे गेली की चपळ खेळाडूला ते बोचते. म्हणून खेळासाठी वेगळी मांडणी दिलेली असते. तिच्यात सजावट कमी आणि उत्तर लवकर. तपासावयाचे असेल तर मोबाइलने सेकंदाला २४० चित्रांचे संथ चित्रण घ्यावे, बोट आणि पडदा एकाच चौकटीत ठेवून. कळ दाबल्यापासून पडद्यावर हालचाल होईपर्यंतची चित्रे मोजावी; प्रत्येकाचे सुमारे चार सहस्रांश. खेळाची मांडणी लावून आणि काढून दोन्ही आकडे लिहून ठेवावे. यात कन्सोलचाही उशीर मिसळलेला असतो, परंतु दोन आकड्यांतला फरक बहुतेक संचाचाच.

१२० चित्रे येतच नसतील तर संचाला लगेच दूषण देऊ नये. सगळी छिद्रे सारखी दिसली तरी सारख्या ताकदीची नसतात. नव्या पद्धतीची एचडीएमआय, जिची नियमावली २०१७ साली निघाली, ती सेकंदाला ४८ अब्ज अंकांपर्यंत वाहते, तिच्या आधीची १८ अब्ज. योग्य छिद्र, त्या छिद्राची संचाच्या यादीतली परवानगी आणि योग्य केबल, तिन्ही जुळावी लागतात. केबल अशक्त असली की पडद्यावर काय दिसते? लुकलुकणारे पांढरे ठिपके! बांबूवरून हाकललेल्या मुंग्या अशा हातभर तारेतून पुन्हा घरात शिरतात. केबल बदलून पाहावी, आखूड घ्यावी. अनेकदा काही शेकड्यांत काम होते.

तिसरी परीक्षा आवाजाची. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला. चित्र आणि आवाज वेगवेगळे टिपले जाऊ लागले तेव्हा त्या दोघांची गाठ घालण्यासाठी पाटीची फळी आपटण्याची रीत आली; फळी मिटताना दिसते तोच क्षण, खाट् ऐकू येतो तोही तोच. घरीही असाच टाळीचा प्रसंग लावून पाहावा. नदीच्या पलीकडे धोबी कपडा आपटतो, दिसते आधी, ऐकू येते मागून. सृष्टीत आवाज नेहमी मागून येतो, आधी कधीच नाही. म्हणून कान उशीर पुष्कळ खपवून घेतो, घाई खपवून घेत नाही. १९९८च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत हे आकडे दिले आहेत: आवाज ४५ सहस्रांश सेकंद आधी आला तरी जाणवतो, मागून आला तर १२५पर्यंत सहसा जाणवत नाही. संचाच्या यादीत आवाज मागेपुढे करण्याची कळ असते, ती थोडी थोडी हलवावी. आणि आजीला संवाद कळत नसतील तर तिच्या कानाला बोल लावण्यापूर्वी संच न्याहाळावा. जुन्या लाकडी पेटीत तोंडासमोर कर्णा बसायला जागा होती. आजच्या बोटभर जाडीच्या संचाचा कर्णा बहुधा खाली किंवा मागे तोंड करून बसलेला असतो. त्यातून सिमेंटच्या उघड्या भिंती आणि वर पत्रा. टाळी वाजवून पाहा. खोली घुमली तर समोरच्या भिंतीवर एखादी जाड वाकळ टांगून पुन्हा ऐका. फरक पडला तर दोष खोलीचा. पडला नाही तर संवाद उठावदार करणारी मांडणी, आणि तीही पुरली नाही तर वेगळा ध्वनिपट्टा.

या सगळ्याचा क्रम मात्र सोडू नये. आधी वीज आणि व्होल्टेज, मग चित्राचे उगमस्थान, मग तार, मग संचाची मांडणी, मग खोली, आणि शेवटी संच. एका वेळी एक बदल, आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद. अशी वही घेऊन केलेली तक्रार आणि ‘चित्र बरे येत नाही’ ही तक्रार, यांत फिर्याद आणि गाऱ्हाणे यांत असतो तेवढा फरक आहे. जिल्ह्यापासून पन्नास किलोमीटरवर राहणाऱ्याला तो फार लागू पडतो, कारण त्याच्याकडे कारागीर वारंवार फिरकत नाही.

राहता राहिला कसोटीचा दगड. ते जाळीतले वर्तुळ आता प्रक्षेपणात दिसत नाही, इंटरनेटवरून मागवून घ्यावे लागते. पण रंगांची एक कसोटी आपल्या देवघरातच आहे. लक्ष्मीपूजनाच्या ताटातली हळद, कुंकू, झेंडूचे फूल, विड्याचे पान, आणि ताटावर वाकलेला घरच्या माणसाचा गव्हाळ चेहरा. या रंगांबाबत आपला डोळा सहसा फसत नाही. ताटाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात घ्यावे, मोबाइलही रंगांत लुडबूड करतो म्हणून दुसऱ्या एक-दोन पडद्यांवर ते पारखून घ्यावे, आणि मग नव्या संचावर लावून खरे ताट शेजारी धरावे. हळद केशरी झाली असेल, कुंकू गुलाबी दिसत असेल, किंवा आईचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला असेल, तर कोणत्या कळीला हात घालावयाचा हे घरातली लहान पोरगीसुद्धा सांगेल.